विसाव्या खंडातला हिमनद

आमच्या ह्यांना, म्हणजे मधुसूदन खांबेट्यांना, मी जन्मभर सांगत आले, अहो, त्या कोशाचा नाद सोडा. ऐकतील तर शपथ! हे लखनौला भूगर्भ खात्यात होते. हिमालयात हिमनद मोजताना पायाची दोन बोटं गमावून आले, त्याचं काही नाही. पण एक्याण्णव साली पुण्याहून मराठी विज्ञानकोशाच्या संपादकांचं पत्र आलं, ‘हिमनद’ ही नोंद लिहा, तेव्हा अमीनाबादच्या बाजारातून किलोभर मिठाई घेऊन आले.

कोश निघणार अकारविल्हे. ‘ह’ शेवटच्या, विसाव्या खंडात. सुरुवातीला वर्षाला एक खंड घरी यायचा, मग दोन-तीन वर्षांनी कधीतरी. संपादक वारले, दुसरे आले, तेही गेले. इकडे ह्यांचे डोळे काचबिंदूने नेले. "छापलेली नोंद एकदा ऐकतो, मग खुशाल मरतो," म्हणायचे.

विसावा खंड परवा आला. नात सानिकाला मराठी कळतं, बोलते मात्र हिंदी. तिने पान काढलं.

"आजोबा, यहाँ तो बस इतना लिखा है, ‘हिमनद: बर्फ पहा.’"

"अच्छा, तिकडे घातली वाटतं. तेरावा खंड काढ."

तो सोळा वर्षांपूर्वीचा. त्यात ‘बर्फ’ अर्धा रकाना, आणि खाली, ‘हिमनदांच्या माहितीसाठी हिमनद पहा.’ जुन्या संपादकांनी पुढे ढकललं, नव्यांना वाटलं मागे छापून झालंय. विद्वान म्हणे! मेल्यांनी आपलाच खंड उघडून तरी बघायचा!

मग हे म्हणाले, "अगं, माझ्या नोंदीची कार्बन कॉपी काढ. सानिका वाचेल."

सरकारी क्वार्टर सोडून विकास नगरातल्या घरी आलो तेव्हा ती कॉपी असलेली फाईल मीच कबाडीवाल्याला रद्दीत दिली होती. छापून येणारच आहे, कागद कशाला वाहायचे, म्हटलं. आणि नावं ठेवतेय कोशवाल्यांना! खोटं बोलवेना. सांगून टाकलं.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "पाठ आहे मला," एवढंच म्हणाले, आणि सानिकाला वही घ्यायला लावली. पहिलं वाक्य आलं. दुसरं, तिसरं आलं. चौथ्याला थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले.

"फिर, आजोबा?" सानिका म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "पुढे काय होतं गं?"

मी ती नोंद एकदाही वाचली नव्हती.