डॉक्टरांनी ठेवून घेतलेला खडा

"डाव्या किडनीत गाठ आहे, पाच सेंटिमीटरची. बहुतेक कॅन्सर आहे. किडनी काढावी लागेल," असं डॉक्टर म्हणाले आणि मी विचारलं, "आता पाणी प्यायलं तर चालेल का?"

सीटी स्कॅनसाठी सकाळपासून उपाशी ठेवलं होतं आणि नंतर कुणी पाणी विचारलं नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. माझे यजमान डॉक्टरांकडे बघत राहिले. मी टेबलावरच्या बाटलीकडे. खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. रडू नाही, भीती नाही. घसा तेवढा कोरडा होता.

त्याच्या महिनाभर आधी एकदा लघवी लाल झाली होती. पाळी जाऊन चार वर्षं झालेली, तरी मला आधी तेच वाटलं. दुखलं काही नाही, दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ. तीस वर्षं मी वाईत प्राथमिक शाळेत शिकवलं. पोरांच्या वहीतली एक चूक नजरेतून सुटायची नाही, पण हे मी सोडून दिलं. पुन्हा दिसलं तेव्हा साताऱ्याला सोनोग्राफी केली. तिथून सांगलीला गेलो, कारण माझी धाकटी बहीण तिथल्या विश्रामबागेत राहते आणि ऑपरेशननंतर कुणीतरी जवळ हवं होतं.

दवाखान्यातून बहिणीकडे जाताना रिक्षात अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मेढ्याजवळ आमची भातशेती आहे, ती त्या आणि भाऊजी बघतात. "काय निघालं गं, शैला?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "खडा."

ठरवून नाही बोलले. कॅन्सर हा शब्द तोंडातून निघेना. आणि मुतखडा आमच्याकडे घरटी एकाला तरी असतोच. अक्कांचा जीव भांड्यात पडला. "मग काय एवढं, तुझ्या भावजींचा न्हाई का निघाला," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आमचे हे सैन्यात हवालदार होते. एकदा ठरलं की सगळ्यांनी तेच बोलायचं, ही त्यांची शिस्त. शिवाय कॅन्सर म्हटलं की लोक भेटायला येतात ते शेवटचं बघून घ्यायलाच. म्हणून बहिणीलाही बजावलं. खडा तर खडा.

ऑपरेशनचं नाव रॅडिकल नेफ्रेक्टॉमी, म्हणजे पूर्ण किडनी काढणं. माझं लॅप्रोस्कोपीनं झालं, म्हणजे पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून. किडनी बाहेर काढायला मात्र एक चीर द्यावीच लागते. शुद्धीवर आले तर पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. मला वाटलं, चुकून भलतंच काही कापलं की काय. नर्स म्हणाली, ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात, त्यानं खांदा दुखतो, दोन दिवसांत जाईल. गेला. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

तिसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली, पाचव्या दिवशी घरी सोडलं.

पुढचे पंधरा दिवस बहिणीच्या मधल्या खोलीत काढले. पोटाला पट्टा, कुशीवर वळायचं तर उशी पोटाशी धरून. खोकला आला तरी उशी. दुखलं म्हणून मनानं गोळी घ्यायची नाही, कारण दुखण्याच्या बऱ्याचशा गोळ्या किडनीला त्रास देतात आणि आता एकच उरली होती. ह्यांनी एक वही केली. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, सगळं मापानं. पहाऱ्यावर असल्यासारखे ते मापाचं भांडं घेऊन बाथरूमच्या दाराशी उभे राहायचे. मी जिवंत असल्याचा पुरावा त्या वहीत होता. मला स्वतःला तसं काही जाणवत नव्हतं. बहीण आवडीचं करून घालायची, मी जेवायचे. चव विचारली की "छान आहे" म्हणायचे.

बाराव्या दिवशी हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. काढलेला भाग प्रयोगशाळेत कापून, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तो हा रिपोर्ट. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरच होता. पण किडनीच्या आतच होता, बाहेर पसरलेला नाही. केमोची गरज नाही. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, सहा महिन्यांनी सीटी स्कॅन." क्रिएटिनिन ही रक्ताची तपासणी, उरलेली किडनी काम करते का ते त्यात कळतं. बहीण रडली. हे नारळ घेऊन थेट गणपतीला गेले. मी खुर्चीवर बसून होते. आपण खूश व्हायला हवं, एवढं मला कळत होतं.

मग वाईला आलो. गाडीच्या पट्ट्याखाली उशी, आणि प्रत्येक गतिरोधकाला ह्यांचा ड्रायव्हरला दम. हायवे सोडून वाईसाठी पाचवड फाट्याला वळेपर्यंत मी डोळे मिटून होते.

घरी आल्यावर माणसं यायला लागली आणि पहिल्याच दिवशी आमचं खोटं अडचणीत आलं. खडा काढला की तो जपून ठेवतात आणि भेटायला येणाऱ्याला दाखवतात, हा आमच्याकडचा रिवाजच. भाऊजींचा खडा बामच्या रिकाम्या बाटलीत, देव्हाऱ्याच्या फळीवर आहे. चहा संपताच शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघू तरी खडा." हे म्हणाले, "डॉक्टरांनी ठेवून घेतला. शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला."

झालं. डॉक्टरांनी ठेवून घेतला म्हणजे केवढा असेल, अशी गल्लीत चर्चा. पहिल्या आठवड्यात तो हरभऱ्याएवढा होता, दुसऱ्यात सुपारीएवढा. महिना होईतो लिंबाएवढा झाला. माझी गाठ लिंबाएवढीच होती. अफवा वाढत वाढत खऱ्यापर्यंत पोचलेली मी पहिल्यांदाच पाहिली. एरवी हसून लोटपोट झाले असते. तेव्हा नुसती ऐकत राहिले.

घरी येऊन दीड महिना झाला आणि अक्का आल्या. दोन एसट्या बदलून, कुळीथ आणि नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन. ह्यांनी चहा केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हे बाहेरच्या खोलीत गेले, तशा अक्का माझ्या जवळ सरकल्या.

"तुला म्हणून सांगती. मला बी लाल होतंय, दोन म्हयनं झालं. दुखत बिखत न्हाई. तुझ्यावानी खडाच आसंल. खडा पडाया रोज कुळथाचं पानी पितीया. आपरेशनाआधी तुला कुठलं औषध दिल्यालं?"

दाराशी हे खाकरले. त्यांनी ऐकलं होतं. गप्प बस, असा त्याचा अर्थ. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कळतं.

दोन महिन्यांत पहिल्यांदा मला भीती वाटली. दुखत नाही, म्हणत होत्या त्या. मलाही दुखलं नव्हतं. मी रिक्षात सहज बोललेल्या एका शब्दावर ही बाई दोन महिने कुळथाचं पाणी पीत होती.

मी पदर बाजूला केला, पट्टा सोडला आणि त्यांना चीर दाखवली. "अक्का, मला खडा नव्हता. कॅन्सर होता. किडनी काढलीय माझी."

अक्कांनी त्या चिरेवरून हलकं बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आन् मला न्हाई सांगितलंस व्हय?" त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून मला जास्त लागलं. मी म्हटलं, चुकलं माझं. त्यांना त्या दिवशी परत जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेलो. हे नको म्हणत होते, तरी मीही गेले. सोनोग्राफीच्या आधी पाणी पीत बसायचं असतं. अक्का ग्लासावर ग्लास पीत होत्या आणि मला म्हणत होत्या, "आवं मास्तरीनबाई, तुमचं तोंड का उतरलंय?" सोनोग्राफीत खडा दिसला. डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत, सीटी स्कॅन करून घेतला, मूत्राशयही दुर्बिणीतून तपासलं. ते म्हणाले, "खडाच आहे, दुसरं काही नाही. खड्यातही कधीकधी न दुखता रक्त जातं. पण तपासल्याशिवाय खडा म्हणायचं नाही."

बाहेरच्या बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. कॅन्सर ऐकून नाही, ऑपरेशनला नाही, रिपोर्टला नाही, ते तिथं, चार अनोळखी माणसांत, हुंदके देऊन. मी म्हटलं, तुमचं चांगलं निघालं आणि मी बघा कशी रडतेय. अक्कांनी पाठीवर हात ठेवला. "रड. तुझं बी ऱ्हायलंय."

पुढे त्यांचा खडा काढला. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा वाईला आल्या आणि पिशवीतून बामची बाटली काढून माझ्या हातात ठेवली. "लोकं बघू म्हनत्यात न्हवं? ठेव तुला."

ती बाटली आमच्या शोकेसमध्ये आहे. सहा महिन्यांचा स्कॅन स्वच्छ आला, पुढचा यायचाय. जेवणाला चव आली आहे, आणि बहिणीनं तेव्हा घातलेली आमटी खारट होती हेही आता आठवतं. अजूनही कुणी खडा बघायला मागतं. मी बाटली हातात देते आणि सांगते, हा अक्कांचा. मला कॅन्सर होता, आणि तो अजिबात दुखला नाही. मग विचारते, तुमच्या लघवीचा रंग कसा आहे?

लोक दचकतात, बाटली परत देऊन निघतात. एखादी मात्र चपला घालून उंबऱ्यातच थांबते आणि हळूच म्हणते, "बाई, जरा विचारायचं होतं." ह्यांना मी दुकानात पाठवते आणि तिला आत बोलावते.