साठ कूपनं आणि चूलबंद आवतण

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दीपमाला वाचनालयाच्या मागच्या अंगणात जोंधळ्याच्या कण्या चाळत होत्या. नऊ किलो कण्या, साठ माणसांपुरत्या. शेजारी तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापत होतं आणि गावच्या कार्यांत स्वयंपाक करणाऱ्या गंगम्मा गुळाची ढेप फोडत बसल्या होत्या. भिंतीला चोवीस नवे पत्रे टेकवून ठेवलेले होते.

सोनकट्टी हे तुळजापूर तालुक्यातलं दोनशे बारा उंबऱ्यांचं गाव, जळकोटपासून सहा किलोमीटर आत. गावात वाचनालय आहे याचं बाहेरच्यांना आश्चर्य वाटतं. गावातल्या बऱ्याच जणांनाही वाटतं. दीपमाला मूळच्या परंड्याच्या, वय सेहेचाळीस. लग्न होऊन सोनकट्टीत आल्या, ग्रंथपालाचा छोटा अभ्यासक्रम धाराशिवला जाऊन-येऊन पूर्ण केला आणि गेली बारा वर्षं त्या या एका खोलीत चार हजार तीनशे पुस्तकं सांभाळतात. कोणत्या वाचकाकडं कोणतं पुस्तक आहे हे त्यांना रजिस्टर न उघडता सांगता येतं. मानधन सांगण्यासारखं नाही, असं त्या म्हणतात आणि सांगत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात जुने पत्रे गळले. तीनशे पुस्तकं भिजून फुगली. व्यवस्थापक समितीनं ठराव केला की मे अखेरपर्यंत छप्पर झालं नाही, तर सगळी पुस्तकं खोक्यांत भरून शाळेच्या कोठीत ठेवायची आणि वाचनालय बंद करायचं. ठरावात ‘तूर्तास’ असा शब्द होता. दीपमाला यांनी त्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही.

छपरासाठी त्यांनी जेवणं सुरू केली. महिन्यातून एक शनिवार, एक पुस्तक, साठ कूपनं. पुस्तकातली माणसं जे जेवतात तेच ताटात, जेवणाआधी त्यातली दोन पानं वाचायची आणि जेवताना त्यावर बोलायचं. जळकोट, नळदुर्गहूनही शिक्षक आणि दुकानदार येत. पाच जेवणांत पत्रे आले. लोखंड आणि मजुरी सहाव्या जेवणातून निघायची होती. वर्गणीला गाव कंटाळलेलं होतं, त्यामुळं दुसरा मार्ग नव्हता.

सहाव्या जेवणाचं पुस्तक वाचनालयातलंच, बिनकव्हरचं. पहिली आठ पानं गेलेली, त्यामुळं नाव कुणाला माहीत नाही. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या एका बाईच्या आठवणी आहेत. तिच्या जेवणात कण्या, ताक, मिरचीचा ठेचा आणि सणासुदीला गूळ-शेंगदाणे.

कूपन घेतलेल्यांतले गावातले एकोणचाळीस जण वेळ विसरतात म्हणून दीपमाला यांनी त्यांच्या नावांची यादी सकाळी शिवप्पांच्या हातात दिली होती. शिवप्पा त्रेसष्ट वर्षांचे. गावातल्या प्रत्येक लग्नाचं, बारशाचं आवतण घरोघर जाऊन तेच सांगतात. चाळीस वर्षांत त्यांच्याकडून एक घर सुटलेलं नाही, अशी त्यांची ख्याती आहे.

पाच पन्नासला गावातल्या गौराबाई अंगणात आल्या. मागं दोन सुना, मुलगा, चार नातवंडं. हातातलं ताट पदरानं झाकलेलं.

“मांडव कुठाय गं?” त्यांनी विचारलं.

“कसला मांडव, मावशी? वाचनालयाचं जेवण आहे.”

“व्हय, तेच. चूलबंद सांगितलंय न्हवं? आमी दुपारपासनं चूल पेटवली न्हाय.”

दीपमाला यांनी हातातली ताटं खाली ठेवली. चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यारावळ्यांसकट. त्या दिवशी त्या घरात स्वयंपाक होत नाही. लग्नघर मोठं असेल तरच असं आवतण निघतं.

त्या रस्त्यावर आल्या. रस्त्यानं गाव येत होतं. म्हातारी माणसं काठ्या टेकत, बाया लेकरांना कडेवर घेऊन, पुरुष धुतलेले सदरे घालून. शिवप्पा पुढं चालत होते आणि मागं वळून लोकांना घाई करत होते.

“शिवप्पामामा, हे काय केलंत?” दीपमाला यांनी विचारलं. “मी यादी दिली होती ना?”

“दिली की. यादीतली समदी घरं घेतली.”

“आणि बाकीची?”

“मधलं घर सोडून पुढं जायाचं कसं? त्यो माणूस ओट्यावर बसलेला, माझ्याकडं बघतोय. त्याला काय सांगू, तुला न्हाय म्हणून?”

“पण चूलबंद?”

शिवप्पा जरा दुखावले. “वाचनालय काय लहान घर हाय का? नुसतं जेवण म्हणलं असतं तर लोकांनी नावं ठिवली असती.”

समितीचे अध्यक्ष नंदीश माइकची वायर जोडत होते. त्यांनी गर्दी पाहिली आणि वायर खाली ठेवली. “कूपनवाल्यांनाच जेवण आहे असं माइकवर सांगून टाका,” ते म्हणाले.

“तुम्ही सांगा. तुम्ही अध्यक्ष.”

“मला पुढच्या साली पंचायतीला उभं राहायचंय.”

माइक दीपमाला यांच्या हातात आला. समोर अडीचशेच्या वर माणसं होती आणि अजून येत होती. घरी चूल न पेटवता आलेल्या माणसाला परत पाठवलं, तर त्या घरातलं कुणी पुन्हा वाचनालयाची पायरी चढणार नाही. जेवू घातलं, तर मजुरीचे पैसे गेले आणि पत्रे भिंतीलाच राहिले. त्या किती वेळ उभ्या होत्या हे त्यांना आठवत नाही. गंगम्मा म्हणतात, दूध उतू जाईल इतका वेळ.

“अय्यो, बोल की काहीतरी,” गंगम्मा मागून म्हणाल्या. “न्हाईतर मला तरी सांग, पाणी वाढवू का नको?”

“वाढवा,” दीपमाला म्हणाल्या. माइक चालू होता. ते सगळ्या गावानं ऐकलं.

पुढचा तास कामाचा होता. गिरणीवाल्या रणधीरनं बंद केलेली गिरणी पुन्हा सुरू करून दोन पोती जोंधळा भरडून दिला. ताकात पाणी पडलं, मग आणखी पडलं. गूळ-शेंगदाणे दुकानातून आले. कूपनाचे सगळे पैसे सात वाजेपर्यंत संपले. जळकोटहून आलेल्या एका मुख्याध्यापकांनी आपण पैसे भरलेत याची दोनदा आठवण करून दिली. त्यांना तिसऱ्या पंगतीत जागा मिळाली.

दोन पानं वाचायची ती दीपमाला यांनी वाचली. अर्ध्या लोकांचं लक्ष नव्हतं. कण्यांकडं बघून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, “आख्ख्या गावाला बोलवून कण्या घालतंय हे घर. लई धाडसी!” हसणं उसळलं. त्याला शेजारच्या बाईनं ती पानं काय होती ते सांगितलं. त्यानं दुसऱ्यांदा कण्या मागून घेतल्या.

दीपमाला यांना मोठा धक्का जेवणानंतर बसला. गौराबाईंनी ताटावरचा पदर काढला. आत एक खण, एक नारळ आणि एक पाकीट होतं. त्यांच्या मागं रांग लागली. चूलबंद आवतणाला सोनकट्टीत कुणी रिकाम्या हातानं जात नाही.

शिवप्पांनी माइक घेतला आणि नेहमीच्या सुरात पुकारायला सुरुवात केली, “गौराबाई यांच्याकडून वाचनालयास एक खण, एक नारळ!”

“मामा, थांबा!” दीपमाला ओरडल्या. “वाचनालय खणाची चोळी शिवणार आहे का?”

“त्ये तुमचं तुमी बघा. पुकारल्याबिगर आहेर घ्यायचा नसतो.”

पावणेदोन तास आहेर चालला. टेबलावर जागा संपली तेव्हा वाचकांच्या बाकांवर ढीग लागले. खण, टॉवेल, टोप्या, नारळ, पातळ पाकिटं. कुणी काय दिलं ते लिहिणं भागच होतं. वही आणली नव्हती म्हणून ते पुस्तकांच्या देवघेव रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहिलं गेलं. एकशे त्र्याऐंशी घरं. दीपमाला लिहीत होत्या आणि दहाव्या नावापाशी त्यांच्या लक्षात आलं की हे फेडायचं असतं. ज्यानं दिलं त्याच्या कार्याला जायचं आणि तेवढं तरी द्यायचं. वाचनालयाची एका संध्याकाळी एकशे त्र्याऐंशी घरांशी सोयरीक जुळली होती.

“मी पेन खाली ठेवला,” त्या म्हणतात. “मला वाटलं, मी हे छप्पर करायला निघाले होते आणि हे काय करून बसले?”

समितीची सभा मंगळवारी झाली. नंदीश यांनी सगळा आहेर विकावा असं सुचवलं. सभेला बोलावलेलं नसताना आलेले शिवप्पा म्हणाले, “आहेर विकत न्हाईत, फिरवतात.” शेवटी खण आणि टॉवेल ठेवायचे ठरले. नारळ दुकानदारानं परत घेतले. त्यांचे पैसे आणि पाकिटं मिळून अर्ध्या छपराचं लोखंड आणि मजुरी झाली. पुस्तकांच्या कपाटांवर बारा पत्रे चढले. वाचकांच्या बाकांवर जुनेच आहेत आणि बारा नवे अजून भिंतीला टेकून आहेत. पुस्तकं शाळेच्या कोठीत जाणार नाहीत, असा नवा ठराव झाला. त्यात ‘तूर्तास’ शब्द नाही. दीपमाला यांनी तो तीन वेळा वाचून मगच सही केली.

पुस्तकांची जेवणं थांबलेली नाहीत. पुढच्या जेवणाची कूपनं विकायची की चूलबंद सांगायचं, यावर समितीत एकमत नाही. शिवप्पांना यादी द्यायची नाही, एवढंच एकमतानं ठरलं आहे.

शब्दकोशांच्या खालच्या कप्प्यात आता खण घडी करून ठेवलेले आहेत. गेल्या तीन आठवड्यांत वाचनालयाच्या नावानं अकरा पत्रिका आल्या. “आम्हाला कुणी लग्नाला बोलवेल असं बारा वर्षांत वाटलं नव्हतं,” दीपमाला म्हणतात. हे सांगताना त्या हसत नाहीत.

अकरातली पहिली पत्रिका आहेर दिलेल्या सोमलिंग यांच्या मुलीच्या लग्नाची आहे. मुहूर्त उद्या दुपारी बारा पस्तीसचा. त्यामुळं वाचनालय उद्या सकाळी आठला उघडेल आणि साडेअकराऐवजी अकरालाच बंद होईल.