तारेच्या टोकाला घंगाळ

नव्या रेकॉर्ड प्लेअरची घरघर थांबावी म्हणून आज वायरमनने परसात अर्थिंगचा खड्डा घेतला. मीठ-कोळशावर पाणी पडलं आणि त्या ओल्या, खारट वासाने मी सांगलीच्या घरात, लढाईच्या दिवसांत जाऊन पोचले.

आमचा रेडिओ असाच घरघरायचा. ह्यांचे चुलतभाऊ दत्तूभावजी रेडिओ दुरुस्त करत. अर्थिंगसाठी जमिनीत तांबं पुरायला हवं, असं ते म्हणाले. बाजारात तांबं मिळत नव्हतं, म्हणून माझ्या आईने दिलेलं तांब्याचं घंगाळ मी काढून दिलं. ते तारेला बांधून पुरलं, असं म्हणत त्यांनी खड्डा बुजवला आणि मला रोज त्यावर तांब्याभर पाणी ओतायला सांगितलं. माझ्या कामांच्या यादीत ते पहिलं असे. तरी घरघर थांबेना.

"वहिनी, पाणी चुकतंय तुमचं," भावजी चारचौघांत हसत म्हणायचे आणि मी आणखी एक तांब्या ओतायची.

चार महिन्यांनी एका सकाळी मीच खुरप्याने खड्डा उकरला. तारेच्या टोकाला वीट बांधलेली होती.

मी ह्यांना बोलावून दाखवलं. हे खड्ड्यात वाकलेसुद्धा नाहीत. "दत्तूच्या बहिणीला लग्नात द्यायला घंगाळ हवं होतं. तुला विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"मग इतके दिवस मी पाणी कशाला घालत होते?"

हे वळून घरात गेले.

भावजींवरचा राग केव्हाच विरला. आज वायरमन माती लोटू लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि आतला तांब्याचा पत्रा हाताने चाचपून पाहिला. हे दारात उभे होते.