कंचनबाईंचा गोडाचा नियम

आमच्या गल्लीत कंचनबाईंइतकं गोड खाणारं दुसरं माणूस नव्हतं. मोहनथाळ केला की कडेची जाड वडी आधी स्वतःसाठी बाजूला काढायच्या, मग पाहुण्यांना ताट. मी एकदा टोकलं तर म्हणाल्या, "बाई, आमच्यात कांदा न्हाई, लसूण न्हाई, बटाटा न्हाई, दिवस बुडाल्यावर जेवण न्हाई. आता गोड बी सोडू का?" मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, लोकांना टोकायची सवय सुटत नाही. पण त्या दिवशी गप्प बसले आणि वडी खाल्ली.

त्यांचं घर माझ्या समोर. खाली रूपचंद शेठांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर बिऱ्हाड. शेठांचे आजोबा राजस्थानातून जुन्नरला आले. आता घरात मारवाडी फक्त भांडणापुरती उरली आहे. थोरला अरिहंत दुकानात बसतो. धाकटी राखी माझ्या हाताखालून गेली. वर्गात बसायची, पण जीव सगळा खिडकीबाहेर.

तिला फुटबॉलचं वेड लावलं ते आमच्या ज्ञानेश्वर सरांनी. मुलींचा संघ काढायचा होता, तेव्हा सरांनी वसतिगृहातल्या घाटघरकडच्या पोरी गोळा केल्या. त्या पोरी डोंगरावर अनवाणी पळालेल्या, दमणं त्यांना ठाऊक नाही. त्यांच्यात ही एकटी शेठाची मुलगी. सगळे हसले, मीही हसले. पहिल्याच सामन्यात तिनं गोल मारला आणि सर तडक दुकानात आले. "शेठ, पोरीत लई दम हाये. हितं ठेवू नका, पुण्याला क्लबात घाला."

शेठांनी घातलं. तेव्हापासून दर शनिवारी-रविवारी बाप-लेक गाडीनं पुण्याला. शेठ हिशेबी माणूस, पण पैशाचं त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. पैसा जात होता, ते गल्लीला न सांगता कळत होतं. खरी अडचण वेगळीच होती. रविवार म्हणजे जुन्नरचा आठवडे बाजार. निमगाव सावापासून माणसं येतात, लग्नाची भांडी त्याच दिवशी खपतात, आणि शेठ पुण्याच्या मैदानाच्या कडेला छत्री धरून उभे! गल्ल्यावर कंचनबाई बसायच्या. ज्या बाईनं आयुष्यात कढईचा भाव केला नव्हता, ती गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला शिकली.

दुसरी अडचण सूर्याची. सामना लांबला की परतताना वाटेतच दिवस बुडायचा. मंचरच्या अलीकडे शेठ गाडी बाजूला घ्यायचे, मावळतीकडे बघत डबा उघडायचे आणि "लवकर खा, लवकर खा" करत पोरीच्या मागे लागायचे. कधी उशीर झाला तर डबा तसाच परत यायचा. खेळून आलेली मुलगी उपाशी झोपायची आणि बापही झोपायचा. क्लबातले सर ओरडायचे की खेळल्यावर लगेच खायला हवं. शेठ मान हलवायचे.

पण यातून सुखही मिळायचं, हे मी नाकारणार नाही. जिल्ह्याच्या संघात राखी आली, वर्तमानपत्रात फोटो आला. शेठांनी तो लॅमिनेट करून प्रेशर कुकरच्या खोक्यांच्या वर टांगला. कंचनबाई एकदाच सामना बघायला गेल्या. जिनं कधी वरच्या पट्टीत हाक मारली नाही, ती "राखीऽ, पळ!" म्हणून अशी ओरडली, की शेजारच्या बायका दचकल्या. हे मला शेठांनी सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे भरले होते. ते सुख खरं होतं आणि मला त्यांचा हेवा वाटला होता.

मग राज्याच्या संघाची निवड चाचणी झाली. राखी शेवटच्या फेरीपर्यंत गेली आणि तिथून परत आली. घरात आठवडाभर कोणी धड बोललं नाही. तो चातुर्मास होता. गावातल्या जैन स्थानकात साध्वीजी मुक्कामाला होत्या. कंचनबाई एके दिवशी प्रवचनानंतर त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि गोडाचा नियम घेऊन आल्या. साखर, गूळ, मिठाई सगळं बंद.

त्यांच्यात असा एक नियम असतो, की तो कुठवर पाळायचा ते आपण फक्त मनात धरायचं. साध्वीजी 'धारणेप्रमाणे' म्हणून नियम देतात, मनात काय आहे ते विचारत नाहीत. कंचनबाईंनी मनात धरलं होतं, राखीचं नाव राज्याच्या संघात येईपर्यंत. कोणाला सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, वयानुसार वैराग्य आलं असेल.

हे फुटलं अरिहंतच्या साखरपुड्यात. मुलीकडच्यांनी विहीणबाईंचं तोंड गोड करायला पेढा पुढे केला आणि कंचनबाईंनी ओठ मिटून घेतले. नियम आहे म्हणाल्या. मुलीच्या आईला वाटलं, मुलगी पसंत नाही. "मुलाच्या साखरपुड्यात आई गोड खात नाही, असला कसला नियम?" आवाज चढले, नवऱ्या मुलीचा चेहरा पडला. मग नाइलाजानं कंचनबाईंनी भर मांडवात खरं सांगितलं. लगेच सगळे पाघळले. बायका म्हणाल्या, आई असावी तर अशी. एकीनं तर राखीच्या गालावरून हात फिरवला, "बघ हं, आता आईचं तोंड तुझ्याच हातात."

राखी नवीन ड्रेस घालून उभी होती. ती हसली नाही, रडली नाही. मी बघत होते. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचं काहीतरी तेव्हाच विझलं.

त्यानंतर ती खेळली, भरपूर खेळली. पहाटे उठून पळायची, शनिवारी मुकाट गाडीत बसायची. आधी सामना हरला की दारं आपटायची, आता हरली तरी जेवायची आणि जिंकली तरी जेवायची. शेठ म्हणायचे, "पोरगी लई समजूतदार झाली." मला ती समजूत बघवत नव्हती.

पावसाळ्यात गुडघा पिरगळला. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनची गरज नाही, पण विश्रांती हवी आणि पुन्हा दुखावला तर अवघड आहे. सूज उतरली न उतरली तोच राखी पट्टी बांधून पळायला लागली. एका दुपारी ती माझ्याकडे आली, चटईवर पाय लांब करून बसली.

"बाई, मला न्हाई खेळायचं."

"मग नको खेळूस."

"आन मम्मीचं काय?"

मी तिच्या गुडघ्याखाली उशी सरकवली.

"गोल मारला तरी काय वाटत न्हाई आता," ती म्हणाली. "सगळ्या पोरी अंगावर येतात, मिठ्या मारतात. मी मनात म्हणते, झालं का, सोडा. दुखतं ते बी लांबून दुखल्यासारखं वाटतं." हे सगळं ती बाजारातला भाव सांगावा तसं सांगत होती. मला भडभडून आलं. तिला नाही आलं.

ती गेल्यावर मी जिना चढून कंचनबाईंकडे गेले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, "तुम्ही पोरीच्या मानेवर बसला आहात." त्या मेथी निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"मी तिला काय मागितलं का? मी माझं खाणं सोडलं. तिला तर दूध-केळी येळच्या येळी देते."

"तिला खेळायचं नाही आता."

"मला म्हणली न्हाई ती."

"कशी म्हणेल? तुमच्या तोंडाला कुलूप आणि किल्ली तिच्या हातात!"

त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "बाई, मला बी लई दिवस झाले काय वाटत न्हाई. गोडाची आठवण बी येत न्हाई. पण नियम मोडायचा कसा?"

साध्वीजींचा चातुर्मास त्या वर्षी मंचरला होता. दुसऱ्याच दिवशी मी कंचनबाईंना एसटीत बसवून घेऊन गेले. साध्वीजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "फळ मागून केलं ते तप नव्हे, तो सौदा झाला. आमच्यात याला दोष म्हणतात. प्रायश्चित्त घ्या आणि मोकळ्या व्हा." इतकं सोपं. मला वाटलं, सुटलो.

परतीच्या बसमध्ये नारायणगाव येईपर्यंत कंचनबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "प्रायश्चित्त घेतलं, नियम सोडला, आन उद्या पोरीचा पाय कायमचा गेला तर? लोक न्हाई, मीच म्हणंल की माझ्यामुळं." मी कपाळाला हात लावला. माझा राग तिथंच संपला, कारण त्या बाईला खरंच भीती वाटत होती. तिनं नियम घेतला होता मुलीच्या यशासाठी, आणि आता तो धरून बसली होती मुलीच्या पायासाठी. प्रायश्चित्त पुढे ढकललं ते ढकललंच.

राखी पुन्हा निवड चाचणीला गेली. गुडघ्याला पट्टी बांधून गेली. शेठ तिकडेच तिच्याबरोबर होते. ती खेळली कशी, ते मला कोणी नीट सांगितलं नाही. शेठ एवढंच म्हणाले की पोरगी मशीनसारखी पळाली.

चार-सहा दिवसांनी दुपारी ज्ञानेश्वर सरांचा फोन आला. राखीचं नाव राज्याच्या संघात आलं होतं. शेठ दुकानातून तसेच पळाले, पेढ्यांचे बॉक्सच बॉक्स घेऊन आले. गल्लीत फटाके वाजले. मी वर गेले. कंचनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. राखीनं बॉक्स उघडला, एक पेढा घेतला आणि आईच्या तोंडात घातला. कंचनबाईंनी तोंड उघडलं. एवढ्या दिवसांनी.

आई तो गिळेपर्यंत राखीनं वाट पाहिली. मग विचारलं, "मम्मी, आता सोडू?"

कंचनबाईंना कळेना. "काय सोडू?"

"खेळ. तू नाव येईपर्यंत धरलं व्हतं ना? नाव आलं."

"अगं, पण आता तर खरं खेळायचं..." त्या थांबल्या. पोरीच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर राग नव्हता, विनंतीसुद्धा नव्हती. दिवसभराचं काम उरकल्यावर बाई घरी जायची परवानगी मागते, तसं तिनं विचारलं होतं. खाली शेठ हाका मारत होते, "अगं, आणखी बॉक्स दे, लोक थांबलेत!"

"सोड," कंचनबाई म्हणाल्या.

राखी आत गेली आणि भर दुपारी पलंगावर आडवी झाली. कंचनबाईंनी पदर खांद्यावरून घेतला, पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि स्वतः जिना उतरल्या. मी मागोमाग. दुकानासमोर अर्धी गल्ली जमली होती. शेठांच्या कपाळाला कोणीतरी गुलाल लावला होता.

"राखी आता खेळणार न्हाई," कंचनबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पोरगी दमली. पेढे घ्या."

शेठांचा हात बॉक्सवर तसाच राहिला. कोणीच पुढे येईना. कंचनबाई बॉक्स पुढे धरून उभ्या राहिल्या, तो खाली घेतला नाही. मग मीच गेले आणि पहिला पेढा उचलला.