आठवणार नाही, की दुखणार नाही

पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आईनं मला खाटेजवळ बोलावलं आणि सांगितलं, की ऑपरेशन चालू असताना ती जागी होती. पोट कापलेलं तिला कळलं, आत हात गेलेला कळला. ओरडायचं होतं, पण जीभ हलेना. पापणीसुद्धा उचलेना.

मी विचारलं, "पुरावा काय?"

मी हे चिडून विचारलं नव्हतं. आमच्या घरात हाच पहिला प्रश्न असायचा. बाबा होते तोवर दरवर्षी दीक्षाभूमीवरून पिशवीभर पुस्तिका आणत. आत्मा नाही, भूत नाही, अंगात काही येत नाही. तपासता येत नाही ते मानू नका. त्या पुस्तिकांवरच मी वाचायला शिकले. सातवीत असताना वस्तीतल्या एका बाईच्या अंगात आलं, तेव्हा गर्दीत घुसून मी तिच्या दंडाला टाचणी टोचली होती. ती हलली नाही. ढोंग पक्कं आहे, असं मी जाहीर केलं आणि बाबांनी माझी पाठ थोपटली. तिला दुखलं का, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

डॉक्टर राउंडला आले. आईचं ऐकून हसले, भूल उतरताना असली स्वप्नं पडतात म्हणाले, आणि केसपेपर माझ्यापुढे धरला. रुग्ण पूर्ण वेळ स्थिर, असं त्यावर लिहिलं होतं. मी मान डोलावली. आई माझ्याकडे पाहत होती.

डबा घेऊन आलेली मावशी तिला म्हणाली, "अव बाई, सपनात तरी काही चांगलं पाहाव."

"सपन नोय ते. डाक्तर त्याच्या पोरीच्या लग्नाचं जेवन ठरवून राह्यला होता. पनीर एक परकारचं का दोन. माह्या पोटात हात घालून पनीर ठरवत होता."

मावशीला हसू आवरेना. मलाही आलं. त्यानंतर आईनं तो विषय काढला नाही.

महिन्याभरानं त्याच दवाखान्यातली नर्स मला बसस्टँडवर भेटली. मी सहज पनीरचं विचारलं. तिचा चेहरा उतरला. पनीरचं बोलणं झालं होतं, त्या दिवशीच, टेबलावर आई असतानाच. माझं नाव कुठं घेऊ नको, म्हणाली आणि बसमध्ये चढली.

मी धावत घरी आले. आई शाळेत खिचडी शिजवायला जाते; दुसऱ्या दिवशीची डाळ निवडत बसली होती. मी सांगितलं, तुझं खरं निघालं.

"मले तं तवाच खरं होतं," ती म्हणाली. हात थांबला नाही.

पुरावा मिळाला होता तो पनीरचा. दुखण्याचा आजही नाही. त्याला साक्षीदार एकच होती आणि आम्ही तिघांनी तिला हसण्यावारी नेलं. शिकलेल्या माणसाच्या सहीचा कागद आणि खिचडी शिजवणाऱ्या बाईचा शब्द समोर आले, तेव्हा मी कागद निवडला. मी, जी भाषणांत अन्यायावर बोलते.

पुढं टाक्यांच्या जागी हर्निया झाला. आतडं कधीही अडकेल, जीव जाईल, असं सांगितलं गेलं. आईनं जुन्या लुगड्याची पट्टी पोटाला बांधली आणि आठ महिने ऑपरेशनला नाही म्हणत राहिली. एके दिवशी शाळेतच उलट्या करत खाली बसली, तेव्हा तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या भूलतज्ज्ञ बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं. कमरेत सुई देऊन फक्त खालचं अंग बधिर करण्यानं भागणार नव्हतं. त्यांनी समजावलं, की एक औषध झोपवतं आणि दुसरं अंग ढिलं करतं. पहिलं कमी पडलं तर माणूस जागा होतो, पण हलू शकत नाही. या वेळी आणखी एक औषध देऊ, म्हणजे काही आठवणार नाही.

आई कण्हत होती, तरी तिनं विचारलं, "आठवणार नाई, का दुखणारच नाई?"

"दोन्हीचा प्रयत्न करतो, काकू."

"आन् दुखलं पन आठवलं नाई, तं ते कोनाले दुखलं म्हनायचं?"

बाईंचा पेन कागदावर थांबला. आत्मा नाही हे मला पाठ होतं. पण मग दुखतं कोणाला, हे मी कधी शोधलंच नव्हतं. आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. वेळ नव्हता. तिनं मान डोलावली आणि मी सही केली.

ती शुद्धीवर आली तेव्हा मी वाकून विचारलं, जागी होतीस का?

ती छताकडे पाहत म्हणाली, "मले काही आठवत नाई."

भूलतज्ज्ञ बाईंनी समाधानानं तिचा हात दाबला.

तेव्हापासून आई उताणी झोपत नाही. पहिल्या ऑपरेशननंतर असं नव्हतं. उताणी झाली की दचकून उठून बसते, आणि काऊन ते विचारलं, तर माहीत नाही म्हणते.