बिबड्यांच्या डब्यातल्या बाटल्या

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो गेला. मुलाला नाही, सुनेला नाही. पद्मालयाच्या गणपतीसमोर कितीदा उभी राहिले, पण तिथंही दुसरंच काहीतरी पुटपुटून आले. देवासमोरही माणूस विषय बदलतो, हे मला माझ्यावरूनच कळलं.

मी चौथी शिकलेली बाई. कोणाला घाबरून राहिले नाही, तोंडावर बोलायची माझी सवय. एरंडोलला आमच्या गल्लीत भांडण झालं तर लोक म्हणायचे, अक्काला बोलवा, अक्का खरं ते सांगेल. अक्का खरं सांगते! ऐकताना मला बरं वाटायचं. नंतरही बरंच वाटत राहिलं – हे कसं, ते मला अजून समजत नाही.

माझी धाकटी नात तेजल. शाळेत असतानाच तिला शुगर निघाली. म्हाताऱ्यांची नाही, लहान पोरांना होते ती. गोळी चालत नाही, रोज इन्सुलिनची सुई, जन्मभर. पोरगी धीट. थोड्याच दिवसांत स्वतःची सुई स्वतः घ्यायला लागली. संगीता, माझी सून, सकाळीच शेतात जायची, म्हणून तेजल माझ्यासमोर बसायची. पोटाची चिमटी धरायची, सुई टोचायची, दाबायची आणि म्हणायची, "बघ अक्का, झालं. मुंगीसुद्धा याच्यापेक्षा जोरात चावते."

रोज बघायचे मी. हे लक्षात ठेवा. मी रोज बघायचे.

त्या उन्हाळ्यात थोरल्या नातीला, पल्लवीला, बघायला शिंदखेड्याचे पाहुणे येणार होते. आमच्याकडे बघायला आलेल्या बायका बैठकीत बसून राहत नाहीत. पाणी घ्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात येतात, मांडणी बघतात, डबे बघतात, आता फ्रिजही उघडून बघतात. आणि फ्रिजच्या दारातच तेजलच्या इन्सुलिनच्या नव्या बाटल्या. एका बहिणीला शुगर म्हटलं की दुसरीलाही असेल, असं लोक धरून चालतात. मीही दुसऱ्याच्या घरी तसंच धरलं असतं.

म्हणून मी त्या बाटल्या उचलल्या. कोणाला विचारलं नाही. गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथं उन्हाळ्यात केलेल्या बिबड्या आम्ही मोठ्या डब्यात भरून ठेवतो. ज्वारीचे पापडच ते, दुसऱ्याच्या घरात त्यांना कोण हात लावणार? त्या डब्यात तळाशी बाटल्या ठेवल्या, वर बिबड्या रचल्या. तेजलची चालू बाटली तिच्याजवळच होती, आतल्या खोलीत, ओल्या फडक्यात. त्यामुळे नव्या बाटल्यांची कोणाला आठवणही झाली नाही.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. मग साखरपुडा, मग येणंजाणं, घर भरलेलं. बाटल्या आठ-दहा दिवस तिथंच राहिल्या. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगते – त्या खोलीच्या कडीला हात लावला तर हात मागे येतो. पाहुणे गेल्यावर मी बाटल्या खाली आणल्या, पदरानं पुसल्या, फ्रिजच्या दारात जिथल्या तिथं लावल्या. पाण्यासारख्या होत्या, तशाच दिसत होत्या.

इथवर माझा दोष नाही, असं तुम्ही म्हणाल. मला कुठं माहीत होतं? पण इथवरचं सांगायला मी बसलेच नाही.

तेजलनं नवी बाटली सुरू केली आणि तिची तब्येत उतरायला लागली. सारखी तहान, मग उलट्या, मग एका दुपारी धाप लागली ती थांबेना. जळगावला नेलं. वाचली. दवाखान्यात नर्स त्यांच्याकडची सुई देत होती तर शुगर उतरली. घरी आली, तीच बाटली पुन्हा घेतली, की परत चढली. डॉक्टर म्हणाले, घरी आल्यावरच का चढते? पोरगी सुया चुकवते आहे.

ती रडून सांगायची, घेते मी. माझा मुलगा रवींद्र समोर उभा राहून बघायला लागला. त्याच्यासमोर तिनं सुई घेतली, तरी शुगर चढलेलीच. तर तो म्हणाला, "नुसती टोचते, दाबत नाही ही." आणि तिच्या तोंडात मारली. त्यानं कधी बैलाला चाबूक लावलेला मी पाहिला नाही.

मग धुळ्याच्या एक मॅडम आल्या. देवपूरला राहणाऱ्या, मानसशास्त्र शिकलेल्या. वयात येणाऱ्या ज्या मुलांना कायमचा आजार जडलाय ती औषधपाणी कसं करतात, का टाळतात, यावर त्या संशोधन करत होत्या. दवाखान्यातून त्यांना आमचं नाव कळलं होतं. मी मनात म्हटलं, सुई घेतली का नाही हे विचारायला एवढं शिकावं लागतं? पण बाई चांगली होती. खाली चटईवर बसली, चहा घेतला, कोणावर आवाज चढवला नाही.

मी बाजूला तुरीची डाळ निवडत बसले होते. मॅडमनी सगळं विचारलं. जेवण कधी, खेळ काय, मैत्रिणींना माहीत आहे का. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि इन्सुलिन गारच राहतं ना? उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर त्याचा जोर जातो. दिसायला काही फरक दिसत नाही, पाण्यासारखंच दिसतं."

जोर जातो. दिसत नाही.

मला त्या क्षणी सगळं समजलं. बिबड्यांचा डबा, पत्रा, धाप, रवींद्रचा हात – सगळं एकदम. आणि मी काय केलं? डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला. हात थांबलासुद्धा नाही माझा. तो हात आठवला की मला आजही धक्का बसतो. कोणाचा होता तो?

मी म्हटलं, "फ्रिजमाच ऱ्हास बठ्ठं, बाई."

फ्रिजमध्येच राहतं सगळं. एवढंच. सांगितलं असतं तर विचारलं असतं, बाहेर का काढल्या? मग शिंदखेड्यापर्यंत गेलं असतं. पण ते मी नंतर स्वतःला सांगितलेलं कारण. खरं हे, की घरात माझा शब्द चालायचा आणि मला मूर्ख ठरायचं नव्हतं. मरता मरता वाचलेल्या पोरीपुढं हे कारण!

मॅडम तेजलला म्हणाल्या, "या वयात पुष्कळ मुलं सुई टाळतात. मी रागावणार नाही. फक्त खरं सांग."

ती आईकडे वळली. संगीतानं मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळली. "अक्का, तू तरी सांग. तूच तर बघतेस ना रोज."

मी म्हटलं, "माझी नजर गेली, पोरी. मला काय दिसतं आता?"

डाळीतले खडे वेचत म्हटलं मी हे.

तेजल माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. दार ओळखीचं असावं आणि आतून भलताच माणूस निघावा, तसं. मग ती मॅडमना म्हणाली, "हो. चुकवायची मी."

दारात उभ्या असलेल्या रवींद्रनं "तरी मी म्हणत होतो" म्हणत मान हलवली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला, खरं बोललीस, शाब्बास म्हणाल्या. शाब्बास! आणि मी तिथंच बसलेली.

दुसऱ्या दिवशी फ्रिज पुसताना उरलेल्या बाटल्या माझ्या हातून पडल्या. पडल्या म्हणजे मी पाडल्या. संगीता म्हणाली, "अक्का, आता तुम्ही फ्रिजला हात लावत जाऊ नका." नव्या बाटल्या आल्या, शुगर जागेवर आली. सगळे म्हणाले, मॅडमच्या समजावण्यानं पोरगी सुधारली. मॅडमनाही तसंच वाटलं असेल. त्यांच्या संशोधनात आमची तेजल सुया चुकवणारी, खोटं बोलणारी आणि मग वळणावर आलेली मुलगी म्हणून बसली असेल. कोणाकोणाच्या पोरांना तिच्यावरून जोखलं असेल, काय माहीत.

पल्लवीचं लग्न झालं. तिच्या सासरी तेजलच्या शुगरचं कळलं, कोणी काही बोललं नाही.

तेजल आता धुळ्याला नर्सिंग शिकते. गेल्या हिवाळ्यात मॅडमनी देवपूरला शुगर असलेल्या मुलांचा मेळावा घेतला. तेजल बोलणार होती, मला हट्टानं घेऊन गेली. ती समोर उभी राहिली, लहान लहान पोरं खाली बसलेली. म्हणाली, "मी तुमच्याएवढी असताना सुया चुकवायची आणि घरी बेधडक खोटं सांगायची. मरणाच्या दारातून आले. तुम्ही तसं करू नका." पोरं कान देऊन ऐकत होती. मला वाटलं, मॅडमना बरं वाटावं म्हणून बोलते आहे.

परत येताना एसटीत मी विचारलं, "असं कशाला सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं."

"चुकवल्याचं आठवतं तुला? टोचायची नाहीस, ते आठवतं?"

तिनं खिडकीबाहेर बघत विचार केला. "तसं नाही आठवत. पण चुकवल्याशिवाय एवढी चढेल का, अक्का? मला शिकवतात ना आता हेच." मग हसली, शाल माझ्या खांद्यावर नीट केली. "आणि मी कबूल केलं तेव्हा तू होतीस की तिथं."

मी म्हटलं, "हो. होते मी."