गोबऱ्याचा जबडा आणि मेणाच्या दोन पट्ट्या

परवा कुडाळला दातांच्या डॉक्टरकडे गेलो आणि तारा बसवायचं नक्की करून आलो. वय बासष्ट. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या...

माझे खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. गोबरा मासा पाहिलात ना, तस्सा जबडा. म्हणून आमच्या किनाऱ्यावर लहानपणापासून माझं नावच 'गोबरो'.

आता पुढचे दात झिजलेत, दोन हलतातही. आधीच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की जबडाच पुढे आहे... ऑपरेशन करा, नाहीतर दात काढून कवळी बसवा. पण मला तळलेला बांगडा माझ्याच दातांनी खायचाय.

कुडाळची डॉक्टर मुलगी मात्र घाई करीना. आधी मेणाच्या पट्टीवर नेहमीसारखं चावायला लावलं. मग म्हणाली, आता जबडा सैल सोडा, मी मागे नेऊन मिटवते.

इथेच घोळ झाला. ती हनुवटी मागे नेई, की मी पुढे ओढी. जन्म रापणीत गेला... किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढताना पलीकडून ताण आला की आपणही ओढायचं, हे अंगातच भिनलेलं. तिला तसं सांगितलं तर हसली.

"मग आज दोर माझ्या हातात द्या, काका."

पुढच्या दातांत कापूस धरून बसवलं. हळूहळू जबडा दमला, सैल पडला. तेव्हा तिने तो अलगद मागे मिटवला, तर पुढचे दात धारेला धार टेकून अडले! दुसऱ्या पट्टीवर तो ठसा घेतला, एक्स-रे पाहिला आणि दोन्ही पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या.

"जबडा जागेवरच आहे. दात अडतात म्हणून तुम्ही तो पुढे सरकवून तोंड मिटता. ऑपरेशन नको, तारांनी होईल."

म्हणजे खडक चुकवायला होडी वळवावी, तसा इतकी वर्षं मी जबडा वळवत होतो... आणि लोक होडीलाच वाकडी म्हणत होते.

घरी बायकोने कपाळाला हात लावला. "ह्या वयात तारा? लोक हसतले."

"हसांदेत गो. इतकी वर्सा काय रडत होते?"

आधी हिरड्यांचा इलाज, मग तारा. त्या बसल्या की पहिला फोटो इथेच टाकीन, तोंड उघडून हसताना. त्या पोरीचे उपकार आहेत... तिने तोंड बघून निकाल दिला नाही, दोनदा चावायला लावलं.